हाडांची साक्ष

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यातील ती संध्याकाळ आम्हांस चांगली स्मरते. श्रावणाची झड दिवसभर लागून राहिली होती आणि खडेबाजारात गिऱ्हाइकांपेक्षा छत्र्याच अधिक दिसत होत्या. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. पण दुकानादुकानांतून विषय एकच होता. ५ ऑगस्टला जाधवनगरात एका बांधकामावरच्या मजुरावर बिबट्याने झडप घातली, आणि पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दिसू लागला. आसपासच्या बावीस शाळांना सुट्ट्या पडल्या. सापळे मांडले गेले, ड्रोन उडाले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून दोन हत्ती आणले गेले. महिनाभर अवघे शहर त्या एका जनावराच्या पावलांचा कानोसा घेत होते, आणि अखेर ते कोणाच्याही हाती न लागता आले तसे निघून गेले.

आम्ही ज्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसतो, तेथे त्या दिवशी वाद रंगला होता. कोणी एक दूधवाला सांगून गेला होता, "वाघ हाय तो, वाघ! म्हशीएवढा! आमच्या पोरानं डोळ्यानं बघितलाय." त्यावर शेजारच्या भांड्यांच्या दुकानातील कन्नड भाषक मालक शांतपणे म्हणाले, "हुली अल्ला, चिरते री." एका तरुणाने ते 'चिरते' ऐकून 'चित्ता' असा अर्थ लावला आणि भ्रमणध्वनीवर तत्काळ तसे कोणास तरी कळविलेही! वाघ, बिबट्या आणि चित्ता अशी तीन जनावरे पाच मिनिटांत खडेबाजारात फिरू लागली. त्यात आमचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "ते राहू द्या. मला एवढेच सांगा, वाघ थोर की सिंह?" मग काय विचारता! चहा दोनदा फिरला, दुकान बंद करावयाची वेळ झाली, तरी निकाल लागेना.

शब्दांचा हा घोळ आपल्या सीमाभागात फार जुना आहे. मराठीत बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात. म्हणून खऱ्या वाघास 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' असे विशेषण लावून वेगळे करावे लागते. कन्नडमध्ये बिबट्या तो 'चिरते'. ह्या शब्दाचे 'चित्ता'शी नादसाम्य असले तरी जनावर अगदी निराळे. आणि खरा चित्ता? तो पाहिलेली माणसे आपल्या भागात एके काळी होती, हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करण्याची प्रथा होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते मागविले जात. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. योगायोग असा की, बेळगावच्या बिबट्याची धामधूम निवते न निवते तोच, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात उतरले, आणि आमच्या ओट्यावरचा तो तरुण पुन्हा गोंधळात पडला.

ह्या वादाचा निकाल बसल्या जागी लागणे शक्य नव्हते. पण त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, पाहिले आणि जाणकारांस विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही निव्वळ करमणूक नव्हे. रात्री उसाच्या फडातून घरी परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने समोरचे जनावर पन्नास किलोंचे आहे की दोनशे किलोंचे, ह्यात पुष्कळ फरक पडतो.

प्रथम वजने घेऊ. भारतातील पूर्ण वाढलेला नर वाघ साधारणतः १८० ते २५० किलोंचा, मादी १०० ते १६० किलोंची. गीरचा नर सिंह १६० ते १९० किलोंचा, सिंहीण ११० ते १२० किलोंची. आफ्रिकेतील सिंह त्याहून मोठा होतो आणि वाघाच्या जवळपास येतो. आपल्याकडचा नर बिबट्या ५० ते ७० किलोंचा. मादी तर पुष्कळदा तीस-पस्तीस किलोंचीच असते, म्हणजे सातवी-आठवीतील मुलीएवढी. म्हशीचे वजन चारशे-पाचशे किलो असते, हे आमच्या दूधवाल्यास आम्ही काय सांगावे? परंतु भीतीची फूटपट्टी नेहमीच लांब असते.

ही फूटपट्टी शिकाऱ्यांपाशीही होती. जुन्या काळी मारलेल्या वाघाची लांबी दोन रीतींनी मोजीत. एक सचोटीची: नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक अशा दोन खुंट्या जमिनीत ठोकून त्यांच्यामधील सरळ अंतर घ्यावयाचे. दुसरी हौसेची: नाकापासून पाठीच्या चढउतारावरून, वळणावळणाने शेपटीपर्यंत फीत फिरवावयाची. ह्या दुसऱ्या रीतीत वाघ मेल्यानंतर चार-सहा इंच वाढतो! आमचे कापडदुकानदार हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आमच्या धंद्यात गज आखडतो आणि त्यांच्यात तो लांबतो." वजनाचेही तेच. भुकेला वाघ एका बैठकीत तीस किलोंच्या आसपास मांस खाऊ शकतो. तेव्हा शिकार खाऊन तट्ट फुगलेल्या वाघाचे वजन हे काही खरे वजन नव्हे. म्हणूनच जुन्या विक्रमांच्या याद्या वाचताना हात राखून विश्वास ठेवावा.

मग खरे मोजमाप कशाचे? हाडांचे. मांस आज भरते, उद्या झडते. कातडे ताणले की वाढते. पण हाड आपला हिशेब बदलीत नाही.

हाडांवरून मोठ्या मार्जारांची तुलना करण्याचा एक फार जुना प्रयत्न आपल्याच मुलखात झाला, हे वाचताना आम्हांस अतिशय आनंद झाला. १८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत 'सदर्न मराठा कंट्री' म्हणजे दक्षिण मराठा देशातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध झाली. धारवाड-बेळगावकडचा हा मुलूख. सूचीकार होते वॉल्टर एलियट, कंपनी सरकारच्या नोकरीतील अधिकारी. हे नाव इतिहासाच्या वाचकांस निराळ्या कारणाने परिचित असेल. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि राणी चन्नम्मांच्या लोकांनी जे दोन इंग्रज अधिकारी ओलीस धरले, त्यांतील एक हेच एलियट. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस. कैदेतून ते सुखरूप सुटले. आणि पुढे त्याच रानांतून हिंडून त्यांनी उंदरापासून वाघापर्यंत सर्वांची नोंद केली. राणीच्या माणसांनी त्या तरुणाच्या जिवास अपाय होऊ दिला नाही म्हणून आपल्या भागातील प्राणिशास्त्राचे पहिले पान लिहिले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

एलियट यांनी बिबट्याविषयी मोठी गमतीची गोष्ट नोंदविली आहे. ह्या भागातील लोक बिबट्याच्या दोन जाती मानतात, एक उंच, लांब व सडपातळ, दुसरी ठेंगणी व गोल चेहऱ्याची, असे त्यांनी लिहिले आणि दोहोंच्या कवट्यांमधील फरकही पडताळून पाहिला. एकीची कवटी लांबट, तिच्या मागच्या बाजूस मानेचे स्नायू धरून ठेवणारा हाडाचा उंचवटा ठळक. दुसरीचा तसा नाही. त्यावरून ह्या दोन स्वतंत्र जाती असाव्यात काय, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे विद्वानांत चालला. आज त्याचे उत्तर निश्चित आहे: जात एकच. कवटीवरचा तो हाडाचा कणा नरात वयाबरोबर वाढतो; मादीत आणि तरुण जनावरात तो जेमतेम असतो. थोडक्यात, गावकऱ्यांनी पाहिलेला फरक खरा होता, फक्त तो दोन जातींचा नसून नर-मादीचा आणि वयाचा होता. आमच्या आजोळी, खानापूर तालुक्यातही 'कुत्र्या वाघ' आणि 'मोठा वाघ' असे दोन बिबटे सांगत. लहानपणी आम्ही त्यास अडाणीपणा समजत होतो, ह्याची आता थोडी लाज वाटते.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. वाघ आणि सिंह ह्यांचे कातडे काढून घेतले, आयाळ व पट्टे गेले, की उरलेले सांगाडे इतके सारखे दिसतात की भले भले चकतात. तरी कवटी हाती लागल्यास ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. खालचा जबडा सपाट टेबलावर ठेवून वरून बोटाने दाबावा. सिंहाच्या जबड्याची खालची कड बहिर्गोल असल्याने तो पाळण्यासारखा डुलतो. वाघाचा जबडा पाटासारखा स्थिर बसतो. दुसरी खूण नाकाच्या मुळाशी. वाघाची नाकाची हाडे कपाळाकडे अधिक मागे गेलेली असतात. सिंहात त्यांच्या दोन्ही बाजूंची वरच्या जबड्याची हाडे तेवढीच किंवा त्यांच्याही मागे पोहोचतात. कवटीच्या लांबीत आफ्रिकेचा सिंह किंचित सरस ठरतो, कारण त्याचा चेहरा लांबट. पण कवटीच्या आतील पोकळी, जेथे मेंदू राहतो, ती वाघाची मोठी: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती सिंहापेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी अधिक भरली. उभा राहिला तर सिंह खांद्याशी थोडा उंच, आडवा झाला तर वाघ थोडा लांब. आपल्या देशापुरते विचाराल, तर गीरच्या सिंहापेक्षा आपला वाघ वजनाने निःसंशय भारी. गुरुजींस हा निकाल फारसा रुचला नाही. त्यांच्या मते सिंहाचा मान निराळाच.

तो मान मात्र आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. खानापूर तालुक्यातील हळशी ही कदंबांची जुनी राजधानी. कदंबांचे चिन्ह सिंह. तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात देवही सिंहमुखी. पण ते कोरणाऱ्या शिल्पकारांपैकी कोणी प्रत्यक्ष सिंह पाहिला असेल काय? नर्मदेच्या दक्षिणेस रानटी सिंह नांदत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडचे पाषाणाचे सिंह कधी कुत्र्यासारखे, कधी घोड्यासारखे, आणि कधी चक्क वाघासारखे दिसतात. वाघ मात्र त्यांच्या अंगणात येत होता.

सिंह आणि वाघ एकाच वेळी, शेजारी शेजारी पाहण्याची संधी सामान्य माणसास मिळाली ती सर्कशीत, आणि हा मान दक्षिण महाराष्ट्राचा. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ह्यांनी १८८० साली मुंबईत सर्कशीचा पहिला देशी खेळ उभा केला. त्यामागून म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, अशा सर्कशी सांगली-मिरजेच्या पट्ट्यातून निघून देशोदेशी गेल्या. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–१९७३) तर अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत उघड्या अंगाने, डोक्यास फेटा बांधून, वाघ-सिंह-बिबट्यांच्या मिश्र कळपात उभे राहत. ते शास्त्रज्ञ नव्हते. पण कोणते जनावर किती अंतरावरून किती वजनाने अंगावर येईल, ह्याचा हिशेब चुकला तर दुसरी संधी नाही, अशी ती विद्या होती. जुन्या मंडळींना तंबूतील तो उग्र दर्प अद्याप आठवत असेल. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ बंद केले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, आणि ते युग संपले. बरेच झाले, असे आमचे मत आहे. जरी लहानपणी दीड रुपयाच्या तिकिटासाठी आम्हीही रडलो होतो.

आता हाडांच्या बळाविषयी. येथे खरी मौज आहे. गॅलिलिओ नावाच्या इटालियन पंडिताने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक साधा प्रश्न मांडला: एखादे जनावर सर्व बाजूंनी दुप्पट मोठे केले तर काय होईल? लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. म्हणजे वजन आठपट. पण हाड वजन पेलते ते आपल्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते वाढते फक्त चौपट. तेव्हा प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर दुप्पट भार येणार.

हाच हिशेब बिबट्या आणि वाघ ह्यांना लावू. ६० किलोंचा बिबट्या तसाच्या तसा फुगवून २०० किलोंचा केला, तर वजन साडेतीनपटीच्या थोडे आत जाईल, हाडाची जाडी मात्र दीडपटच होईल. त्या हाडांवरचा ताणही दीडपट. तो ताण मूळच्याइतका ठेवावयाचा तर हाड सुमारे पावणेदोनपटीहून थोडे अधिक जाड हवे. म्हणून वाघ हा केवळ मोठा बिबट्या नव्हे. त्याला आपल्या मापाहून जाड हाडे लागतात, आणि निसर्गाने ती दिली आहेत. पुरती दिली नाहीत, हेही खरे. हत्तीसारखे अवजड प्राणी ह्यावर दुसरा तोडगा काढतात: पाय खांबासारखे सरळ ठेवतात, म्हणजे हाड वाकत नाही. मार्जारकुळास ते परवडत नाही. दबा धरावयाचा, सरपटत जवळ जावयाचे, तर गुडघे-कोपरे वाकलेलीच हवीत. मांजरापासून वाघापर्यंत सर्वांची चालण्याची ढब जवळजवळ तीच असल्याचे मोजमापांतूनही दिसले आहे. मग उरते ते जपून वागणे. बिबट्या आपल्या वजनाएवढी शिकार तोंडात धरून झाडावर चढतो. थोराड वाघ झाडाच्या वाटेस क्वचितच जातो.

हाडाचा पदार्थ म्हणाल तर बिबट्याचा, वाघाचा, सिंहाचा, आपला आणि बोकडाचाही जवळपास एकच. लांबीच्या दिशेने दाबल्यास चांगले घट्ट हाड दर चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोंहून अधिक भार सोसते. फरक पडतो तो आकाराने. बांबू पोकळ असूनही भरीव काठीपेक्षा त्याच वजनात अधिक बळकट का, हे आपल्या सुतारास विचारावे: वाकण्यास विरोध करावयाचा तो बाहेरच्या थराने, मध्यभागाचे काम थोडेच. हाडही तसेच, बाहेर कठीण कवच आणि आत मज्जा. कवच किती जाड, हे क्ष-किरणांनी दिसते. २०१० साली अमेरिकेतील दोन संशोधक स्त्रियांनी आजच्या मार्जारांची आणि फार पूर्वी लोप पावलेल्या खड्गदंती मार्जाराची हाडे अशीच क्ष-किरणांखाली ठेवली. खड्गदंतीच्या पुढच्या पायाचे, दंडाचे हाड आजच्या कोणत्याही मार्जारापेक्षा जाड कवचाचे निघाले. कारण उघड होते. त्याचे सुळे लांब पण ठिसूळ; सावज धडपडले तर मोडावयाचे. म्हणून आधी दोन्ही हातांनी ते जखडावे लागे.

हीच गोष्ट थोड्या प्रमाणात वाघ-सिंहांत दिसते. त्यांच्या पुढच्या पायांची हाडे मागच्यांपेक्षा अधिक कमावलेली असतात, कारण स्वतःहून मोठे जनावर लोळवावयाचे ते पुढच्या पायांनी. आपल्या भीमगड-दांडेलीच्या रानात वाघ गव्यावर चाल करतो. गव्याचा बैल आठशे किलोंच्या वर जातो. त्या लाथेपुढे, त्या शिंगांपुढे टिकावयाचे तर दंडाचे हाड तसेच हवे. चित्त्याची हाडे लांब आणि सडपातळ; त्याचा भर धावण्यावर, कुस्तीवर नव्हे. दक्षिण अमेरिकेतील जॅग्वार दिसतो बिबट्यासारखा, पण आखूड, रुंद, पहिलवानी बांध्याचा, आणि देहाच्या मानाने त्याचा चावा वाघ-सिंहांहूनही जबर. कासवाचे कवच तो दातांनी फोडतो. आणि ह्या सर्वांच्या खांद्यात एक चिमुकले हाड असते, जत्रुक. माणसात ते खांद्याला छातीच्या मधल्या हाडाशी जोडते. मार्जारांत ते कोठेच जोडलेले नसते, स्नायूंत नुसते तरंगते. त्यामुळे खांदा मोकळा राहतो आणि उंचावरून उडी घेतली तरी धक्का स्नायू झेलतात. शिकारी लोक हे हाड शोधून काढीत आणि सुदैवाचे म्हणून जपून ठेवीत. ज्या वाघाच्या अंगात ते होते, त्याच्या सुदैवाविषयी कोणी विचारीत नसे.

इतके बळकट हाडही एका साध्या कारणाने मेणासारखे मऊ पडू शकते, हे आम्हांस भूतरामनहट्टीच्या वाटेवर कळले. पुणे-बंगळूर हमरस्त्यालगतचे तेथील प्राणिसंग्रहालय कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचे आहे (एलियटसाहेबांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही). २०२१ साली तेथे बन्नेरघट्ट्याहून तीन सिंह आणले गेले, आणि बेळगावकरांची रविवारची ती एक जागा झाली. आमच्यासोबत एक परिचित पशुवैद्य होते. ते म्हणाले, नुसत्या मांसावर वाढविलेला छावा लुळा होतो. मांसात स्फुरद भरपूर, चुना अगदी थोडा, विसाव्या हिश्शाच्या आसपास. रक्तातील चुना कमी पडू नये म्हणून शरीर तो स्वतःच्या हाडांतून काढू लागते. मग पाय वाकतात, कणा दबतो, साध्या उडीने हाड मोडते. रानातले मार्जार शिकारीची फासळी, मऊ हाडे चघळतात, तेव्हा त्यांचा हिशेब जुळतो. पूर्वीच्या काळी कित्येक खासगी पिंजऱ्यांतून आणि सर्कशींतून लंगडणारी, फेंगड्या पायांची पिल्ले दिसत. लोक ती जन्मजात समजत. चांगल्या प्राणिसंग्रहालयांतून आता हाडासकट मांस किंवा वेगळा चुना देतात. पशुवैद्य बोलत असताना कुंपणापलीकडे सिंह मांडीचे एक हाड दोन्ही पंजांत धरून करकरा फोडीत होता. आमच्या नातवाने तो आवाज ऐकला आणि आमचे बोट घट्ट धरले.

ह्या हाडांनाच आता ग्रहण लागले आहे. वाघाच्या हाडांपासून केलेले औषध वा मद्य संधिवातावर गुणकारी अशी पूर्वेकडील देशांत समजूत. चीनने १९९३ साली ह्या हाडांचा व्यापार बंद केला, तरी चोरटी मागणी राहिली. राजस्थानातील सरिस्क्यात २००४-०५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. वाघाची हाडे दुर्मीळ झाली तेव्हा सिंहाची त्यांच्या जागी जाऊ लागली: दक्षिण आफ्रिकेने २०१७ साली पाळीव सिंहांचे ८०० आणि २०१८ साली १५०० सांगाडे निर्यात करण्यास परवानगी दिली होती. आमच्या ओट्यावर ज्या प्रश्नाने दोन तास घेतले, तो बाजाराने असा सोडविला! तराजूत दोघेही सारखेच. आणि हाडात औषधी म्हणावे असे काय? बोकडाच्या नळीत असतो तोच चुना आणि तेच स्फुरद.

आपल्या बाजूस चित्र मिश्र आहे. २०१० मध्ये चांदोली-कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०११ मध्ये खानापूरचे भीमगड अभयारण्य. काळी, भीमगड, म्हादई, राधानगरी असे रान अजून तुटत तुटत का होईना जोडलेले आहे. २०१८ साली सह्याद्रीत छायाचित्रात सापडलेला एक नर वाघ पुढे २०२० मध्ये खाली काळीच्या रानात दिसला. आपल्या दोन्ही राज्यांची सीमा त्याने कोणास न विचारता ओलांडली. दुसरीकडे जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषाने मेले. आणि डिसेंबर २०१४ मधली आपल्या तालुक्यातली गोष्ट कोण विसरेल? चिकमगळूरकडून आणून सोडलेल्या वाघाने खानापूरच्या रानाकाठी एका गरोदर बाईचा जीव घेतला, आणि मग त्यासही गोळी घालण्यात आली. त्या गावात जाऊन कोणी वाघाच्या देहयष्टीचे कौतुक सांगू नये. आम्हीही सांगणार नाही. 'वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हण ज्यांनी केली, त्यांना वाघ पुस्तकातून ठाऊक नव्हता.

शेवटी एक घरची गोष्ट. आमच्या देवघरातील डबीत चांदीत मढविलेले एक वाघनख होते. पणजोबांनी जांबोटीच्या रानातून आणले, अशी कथा. घरातल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात ते बारशापासून वर्षभर असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरात दूरदर्शनच्या एका कार्यक्रमातील स्पर्धकास गळ्यातील वाघनखाबद्दल अटक झाली आणि राज्यभर एकच खळबळ उडाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी वस्तू बाळगणे गुन्हा आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आठवत नव्हते, एवढेच. पुढे सरकारने अशा वस्तू जमा करण्याची मुदत दिली. आमची त्र्याऐंशी वर्षांची आत्या ऐकेना. "माझ्या आजाची वस्तू सरकारात कशापायी द्यायची?" तिची समजूत घालता घालता पशुवैद्य मित्रास विचारले. ते म्हणाले, "आधी चांदी काढून बघा. खरे नख बुडाशी पोकळ असते. बोटाचे शेवटचे हाड त्यात टोपीत डोके जावे तसे बसलेले असते. खोटे ते भरीव."

सराफाने टोपण अलगद काढले. आत पोकळी नव्हती. भरीव, काळसर, लांब रेषांचे शिंग. म्हशीचे असावे, असे मित्राचे मत पडले, आणि वनखात्याच्या जाणकारानेही तेच सांगितले.

घरी येऊन आत्यास सांगितले. ती बराच वेळ ते हातात फिरवीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं आम्हां सगळ्यांस म्हशीनं राखलं म्हण की!" दुसऱ्या दिवशी तिने ते पुन्हा चांदीत बसवून आणावयास लावले, आणि पुढल्या महिन्यात पणतवंडाच्या बारशाला स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात बांधले.